पाठीतलं पाणी

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार. रक्कम पाचशे रुपये. जागा अकोल्याचा दवाखाना. हजर चौघे: मी, माझी मोठी बहीण, तिचा नवरा आणि खाटेवर आई.

बहिणीकडे सणाला गेली असताना आईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यात ताप चढला. मेंदूत संसर्ग आहे का हे पाहायला मणक्यातलं पाणी काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदूच्या पेशी मोडल्या की एक प्रथिन त्या पाण्यात पाझरतं. ते किती आहे, तेही बाई आपल्या अभ्यासासाठी मोजणार होत्या.

भाऊजी उसळले. "पाठीतलं पानी काढलं का मानूस कायमचा बसते! नेऊ घरी. काहून पैसा पान्यात टाकून रायले?" पाचशेची नोट त्यांनी आईच्या उशाशी आपटली. "ह्या उजव्या हातानं बुढीनं मले कधी पानी देल्लं, तं हे पाचशे तिचे!"

आईची वाचा गेली होती, कान नव्हते गेले. तिचे डोळे भरले. जावयाला उलटून बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी पाणी काढायच्या कागदावर सही केली. निघताना त्यांनी नोट उचलून परत खिशात घातली, तेही मी पाहून ठेवलं.

संसर्ग निघाला नाही. प्रथिनाचा अहवाल उशिरा आला. धास्ती होती त्या मानानं आकडा कमी होता. "एका आकड्यावर भविष्य सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या हाताची आशा सोडू नका."

आईला मी अमरावतीला आणलं. रोज तिच्या उजव्या हातात पाण्याचा गडवा द्यायचो, आधी रिकामा, मग भरलेला. ती कंटाळली की एवढंच म्हणायचो, "दिवाळीले जवाईबुवा येऊन रायले." ती पुन्हा गडवा धरायची.

भाऊबीजेला मी भाऊजींच्या दोन्ही भावांनाही मुद्दाम जेवायला बोलावलं. नोटेची पैज त्यांना सांगून ठेवली होती; मला साक्षीदार हवे होते. सगळे बसल्यावर आई भिंतीच्या आधारानं आली. उजव्या हातात गडवा होता, अर्धं पाणी सतरंजीवर सांडलं.

"घ्या, जवाईबुवा," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "पाठीतलं नाई हे."

त्यांचे भाऊच आधी हसले. "पाजलं ना बुढीनं दादाले पानी!"

भाऊजींनी खालमानेनं गडवा रिकामा केला.

"आन् नोट?" मी विचारलं.

जावयाचा पैसा सासुरवाडीत घेत नाहीत. बहीण माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. आईनं मात्र तोच हात पुढे केला.

पाचशे रुपये. जावयाकडून, आईला. तिनं परत दिले नाहीत.