डाव्या हाताचे ठसे

आयुष्यातलं पहिलं चित्र मी मुलुंडच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात विकत घेतलं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी विक्रोळीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. लग्न केलं नव्हतं. घरी आई आणि मी. चित्र नुसत्या काळ्या शाईतलं होतं. खाडीचा चिखल, त्यातून वर आलेली तिवरांची मुळं, मागे धुराडं. कंपनीच्या बसमधून ती जागा रोज दिसायची, पण ती इतकी उदास आहे हे मला त्या कागदावर पाहून कळलं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं ४/१५ लिहिलं होतं. चित्रकाराची काही खूण असेल असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढे गणपतीत घाटकोपरला एका सहकाऱ्याकडे गेले, तर त्याच्या भिंतीवर तेच चित्र. तीच मुळं, तेच धुराडं. आपल्याला फसवलंय या रागात मी त्याच्याकडून चित्रकाराचा पत्ता घेतला आणि रविवारी थेट घरी जाऊन धडकले.

घाटकोपरच्या डोंगराच्या अंगाला एक बैठी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत तो राहायचा. पन्नाशीचा, हडकुळा, नखं काळी झालेला माणूस. बाप गिरणीत होता, मूळचे मालवणकडचे. तो स्वतः एका ब्लॉकमेकरकडे नोकरी करायचा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी जस्ताचे ब्लॉक करायचं ते काम.

"माझं चित्र तुम्ही दुसऱ्यालाही विकलंय," मी दारातच म्हटलं.

"विकलंय ना," तो शांतपणे म्हणाला. "पंधरा जणांना विकायचंय. तुमचं चौथं. आत या."

खोलीमागे पत्र्याची शेड काढलेली होती. तिच्यात जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेला एक लोखंडी प्रेस होता, त्याला बैलगाडीच्या चाकाएवढं चाक. त्याची बायको बादलीत कागद भिजवत होती. त्यानं तिला नुसती मान हलवून खूण केली आणि दोघांनी मिळून माझ्यासमोर एक ठसा काढला. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं तो थर खरवडून चित्र काढायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. जिथं थर निघालाय तिथं ॲसिड जस्त खातं आणि खाच पडते. खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून फिरवायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. बायकोनं दोन बोटांनी कागद उचलला तेव्हा चिखल, मुळं, धुराडं, पत्र्यावरचं सगळं उलटं होऊन वर आलं होतं.

"आता सांगा, यात खरं कुठलं आणि नक्कल कुठली?" त्यानं विचारलं.

मी तिथं बसून चहा प्यायले आणि त्यानंतर दर काही आठवड्यांनी जात राहिले.

हळूहळू मला बघता यायला लागलं. लाकूड कोरून काढलेल्या चित्रात शाई उंचवट्यावर असते, म्हणून कडा करकरीत येतात. दगडावरच्या लिथोत खडूचा दाणा दिसतो, पण कागदावर बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. एचिंगमध्ये, म्हणजे त्याच्यासारख्या ॲसिडनं खाच पाडलेल्या कामात, रेघ बोटाला जाणवते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दाबलेली चौकट राहते. पत्रा झिजतो, म्हणून ठसे मोजकेच काढायचे असतात. शहरातल्या एका दुकानात 'अस्सल लिथो' म्हणून फ्रेम करून ठेवलेलं चित्र मी भिंग लावून पाहिलं, तर सगळीकडे छापखान्याचे बारीक ठिपके. कॅलेंडरवर असतात तसे. मी ते न घेता घरी आले याचाच मला आनंद झाला. पगारातून जमेल तसं मी दुसऱ्यांचंही काम घेऊ लागले, पण माझ्या पेटीत सगळ्यात जास्त ठसे त्याचेच होते. आई म्हणायची, लोक बांगड्या करतात, तू काळे कागद जमव.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. ॲसिडची परात त्या बंद शेडमध्येच असायची. पत्रा आत सोडला की बुडबुडे यायचे आणि तांबूस धूर वर चढायचा. तो कोंबडीच्या पिसानं बुडबुडे बाजूला करत वाकून बघत राहायचा. आमच्या प्रयोगशाळेत हे काम कोणी पंख्याशिवाय केलं असतं तर साहेबांनी त्याला घरी पाठवलं असतं.

"हा धूर फुप्फुसात पाणी करतो. बाहेर करा ना हे काम," मी सांगितलं.

"बाहेर पोरं खेळतात," तो म्हणाला. "आणि ब्लॉकवाल्याकडे वीस वर्षं हेच हुंगतोय."

बायको मला नळापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तेंका सांगून काय उपेग नाय, ताई. मी थकलंय."

मी कंपनीतून जुना पंखा मिळवून दिला, तो त्यांनी भिंतीत बसवला. तोवर उशीर झाला होता, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ऑफसेटची नवी छपाई आल्यावर ब्लॉकची कामं बंद पडली, त्याच सुमारास त्याचा खोकला वाढला. चाळीतून नाक्यापर्यंत चालताना तो दोनदा बसायचा. पुढे हात कापायला लागले. तरी त्यानं आणखी काही पत्रे केले. शेवटचा माहुलचा: मासे वाळत घातलेल्या काठ्या आणि मागे रिफायनरीच्या टाक्या. त्यातली प्रत्येक रेघ थरथरलेली आहे. त्याच्यावरची सहीसुद्धा तशीच, गांडूळ सरपटल्यासारखी. मी तो पहिलाच ठसा घेतला. त्यानं तो प्रेसला टेकूनच माझ्या हातात दिला. त्याला बोलायला दम पुरत नव्हता.

पावसाळा संपता संपता तो गेला. सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात, ऑक्सिजनच्या नळीशी झटापट करत. मी दुपारी पोचले तेव्हा बायको पायऱ्यांवर बसली होती. ती रडत नव्हती. तिलाही खोकला येत होता आणि ती पदरात तोंड दाबून तो दाबत होती.

वर्षभरानं शहरातल्या एका चित्रविक्रेत्यानं मला फोन केला. त्या चित्रकाराचं काम तुमच्याकडे पुष्कळ आहे असं कळलं, म्हणाला. माझ्याकडे त्याचे काही ठसे विक्रीला आलेत, एकदा नजर टाकाल का? मी गेले. टेबलावर माहुलचे ठसे मांडलेले होते. छपाई सुरेख होती. मी भिंग खाली सहीवर नेलं आणि तिथंच थांबले. सही ठाम होती. दहा वर्षांपूर्वीच्या हाताची, एका दमात केलेली. पण हा पत्रा केला तेव्हा त्याला पेन्सिलही धड धरता येत नव्हती.

"काय वाटतं?" विक्रेत्यानं विचारलं.

"घरी जाऊन माझ्याकडच्याशी ताडून बघते," मी म्हटलं आणि तिथून सरळ घाटकोपरला गेले.

त्याची बायको शेडमध्येच होती. प्रेसवरचा कपडा काढलेला होता. मी विचारायच्या आधीच तिच्या लक्षात आलं.

"बघितलंस ना तू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत आम्ही ताई-बाईवरून तू-मीवर आलो होतो आणि माझ्याशी बोलताना तिचं मालवणीही मागे पडलं होतं.

"सह्या तुझ्या आहेत."

"सह्याच कशाला? छापलंयही मीच."

"तो गेल्यावर?"

ती प्रेसच्या कडेला टेकली. "तो असतानाही मीच. चाक ओढायचं बळ त्याच्यात कधी नव्हतं गं. शाई भरायला बसला की ॲसिडवाल्या हातांना भेगा पडायच्या, रक्त यायचं. मग मी करायला लागले. तो पत्रा करायचा, मी छापायची, तो सही करायचा. आता सही करायलाही मीच उरले. त्यात खोटं काय झालं ते सांग."

मी म्हटलं, "त्याची सही त्याची होती."

"आणि ठसा?" तिनं टेबलावरचा पत्रा उचलला, शाई फासली आणि माझ्यासमोर पुसायला लागली. आधी जाळीदार कापडानं, मग तळव्यानं. डाव्या तळव्यानं. "मी डावरी आहे. आईनं जेवताना डावा हात सोडवला, हे नाही सुटलं. तळव्याची ओढ शाईत राहते. तुझ्या पेटीत जा आणि बघ."

घरी आल्यावर मी दिवाणावर सगळे ठसे पसरले आणि खिडकीच्या उजेडात एकेक तिरपा धरला. आभाळाच्या करड्या जागेत पुसल्याचा हलका वळसा दिसतो. काही जुन्या ठशांत तो एका बाजूला होता. बाकी जवळजवळ सगळ्यांत दुसऱ्या, डाव्या हाताच्या. त्याच्या आजारपणाच्या खूप आधीपासून. इतकी वर्षं मी कागद बघत होते, शाई बघत होते, पत्र्याची झीज बघत होते, आणि दर वेळी कागद भिजवणारी, चाक ओढणारी ती बाई तिथंच उभी होती.

पुन्हा गेले तेव्हा मी तिला सुचवलं की यापुढे छापशील त्यावर तुझं नाव घाल. पत्रा त्याचा, छपाई तुझी, असं स्पष्ट लिहू. दोघी मिळून विक्रेत्याकडे जाऊ. तिनं प्रेसवर कपडा टाकला आणि चप्पल घातली.

विक्रेत्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता. "बाई, तुम्ही खरं सांगितलंत हे बरं केलंत," तो म्हणाला. "पण आता मला आधी विकलेलेही परत घ्यावे लागतील. गिऱ्हाईक विचारणार, यातलं त्याचं किती?"

"मग यांच्या नावानं विकता येतील?" मी विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या काळ्या बोटांकडे, गुंडाळलेल्या पदराकडे. "यांच्या नावाला बाजार नाही," तो म्हणाला.

परतताना ती एवढंच म्हणाली, "वाट लागली म्हणतात ती हीच."

दोन-तीन जणांनी घेतलेले ठसे परत आणून दिले. माझ्या त्या सहकाऱ्यानंही भिंतीवरचं उतरवलं. त्याला ते उगाच लचांड वाटलं. मी ओळखीच्या दोन चित्रकारांकडे तिला छपाईचं काम मिळावं म्हणून शब्द टाकला. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा फोन घेतला नाही.

ठसे काढणं कायमचं थांबवायचं असलं की पत्र्यावर आडवी खोल रेघ मारतात, म्हणजे पुढे कोणी चोरून छापू नये. हे मला तिनंच करून दाखवलं. मी सांगून पाहिलं की पत्रे राहू देत, मी माझ्याकडे ठेवते. "ठेवून काय करशील? मी मेल्यावर आणखी कोणी सही करील," ती म्हणाली. एकेक पत्रा मांडीवर घेऊन तिनं लोखंडी टोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढला. जस्ताचा किरकिर आवाज चाळीत ऐकू जात होता. शेजारीण डोकावून गेली. माहुलच्या पत्र्याला टोच्या दोनदा घसरला, मग तिनं दोन्ही हातांनी धरून दाबला.

प्रेस न्यायला भंगारवाले आले. तो दारातून निघेना, म्हणून त्यांनी शेडची एक बाजू उचकटली. खोली सोडून ती वाकोल्याला भावाच्या घरी गेली. मी तिथं तिला भेटायला जायचे. भावजय चहा द्यायची आणि मधेच बसून राहायची, त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं नाही. ती दोन वर्षं जगली. डॉक्टरांनी दमा म्हटलं. मी ॲसिडचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, या काय कारखान्यात होत्या का?

तिच्या भावानं नंतर मला बोलावून एक पिशवी दिली. तिच्यात रेघ मारलेल्या पत्र्यांचे ठसे होते. प्रेस जाण्याआधी तिनं ते कधीतरी एकटीनं काढले असणार. प्रत्येक चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, आणि त्या नव्या खाचेत शाई इतकी गच्च भरली आहे की बोट फिरवलं तर उंच शिवणीसारखी लागते. खाली क्रमांक नाही, सही नाही. मी त्यांना वेगळी पेटी केली. तिच्यावर तिचं नाव लिहावं म्हणून पेन घेतलं, तर माझ्या लक्षात आलं की मला तिचं माहेरचं नाव ठाऊक नाही, आणि सासरचं तर त्यानंच ठेवलेलं होतं.