चिखलातला पाट

सूनबाई माझ्या गुडघ्यांना करंजाचं गरम तेल चोळायला बसली, की त्या कडवट वासासरशी आमचं कडाव गावचं शेत डोळ्यांपुढे येतं.

लग्नानंतरची ती माझी पहिली आवणी, म्हणजे भाताची लावणी. सासूबाई उकिडव्या बसून भाताची रोपं उपटत होत्या. रोपांची मूठ बांधून उठायला गेल्या आणि गुडघे धरून तिथंच चिखलात कोसळल्या. तरी घरी जायला तयार नाहीत. आवणीत बूड टेकणाऱ्या बाईला गाव आळशी म्हणायचं.

मामंजी घरी गेले आणि डोक्यावर पाट घेऊन परतले.

"अवं, जेवायचा पाट चिखलात?" सासूबाई ओरडल्याच.

"अन्नाचाच पाट हाय ना? मग अन्नापाशीच आणला. बस गं त्यावर."

बांधावर हशा पिकला. सासूबाई लाजत बसल्या, पण दिवस मावळेपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

काल सूनबाई तोच पाट डोक्यावर घेऊन शेतावर निघाली.

"अगं, मी येत नाय, मग पाट कोणाला?"

"मलाच," ती म्हणाली. "गुडघे धड हायत, तवरच बसून घेते."