ल्यूचा क्लब आणि आमचे शनिवार

दर शनिवारी सकाळी तीच माणसं, तेच पोहे आणि तोच हरणारा संघ एका घरात जमला की किस्से कुणाला शोधायला लागत नाहीत. फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या भाज्यांच्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घरी नेमकं हेच झालं. संघ मात्र आमचा नव्हता, ल्यूचा होता.

ल्यू माझ्या ऑफिसातला, मूळचा चीनचा. मी टेस्टिंगमध्ये, तो डेटाबेसमध्ये. माणूस एकटा, अबोल आणि कमालीचा हट्टी. एका शुक्रवारी त्यानं विचारलं, "तुमच्याकडे मोठा टीव्ही आहे ना? माझा बंद पडलाय. उद्या सकाळी माझ्या क्लबची मॅच आहे." चीनमध्ये संध्याकाळी सुरू होणारी मॅच आमच्याकडे नाश्त्याला येते. मी हो म्हटलं. त्याचा टीव्ही दुरुस्त होऊनही जमाना झाला, पण ल्यू येतोच आहे.

*

पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं, नितीननं, साधा प्रश्न विचारला. "तुझ्या क्लबचं नाव काय?"

ल्यूनं तीन नावं सांगितली.

"तीन क्लब आहेत?"

"क्लब एकच. मालक तीन झाले." आधी सिमेंटवाला होता, मग दारूवाला आला आणि आता बिल्डर होता. तिकडे जो विकत घेतो तो आपल्या कंपनीचं नाव क्लबला चिकटवतो. बिल्डरनं तर रंगही बदलला होता, निळ्याचा लाल केला होता. ल्यू मात्र जुनाच निळा टी-शर्ट घालून बसला होता आणि त्यावर सिमेंट कंपनीचं नाव होतं.

शेजारचे देशमुख काका आमच्याकडे पेपर वाचायला येतात, म्हणजे आयपॅडवर. मुलाकडे राहायला आलेले सांगलीचे काका, जन्मभर क्रिकेट पाहिलेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्यात काय एवढं? आमच्या स्टँडसमोरच्या चौकाचं नाव चारदा बदललं. रिक्षावाल्याला अजून पहिलंच नाव सांगावं लागतं."

नितीननं हे ल्यूला इंग्रजीत सांगितलं. ल्यू उठला, त्यानं काकांशी हात मिळवला आणि आपल्या शेजारची खुर्ची त्यांना दिली. त्या दिवसापासून काका फुटबॉल बघतात.

*

बिल्डरकडे पैसा होता तोवर दिवस बरे होते. त्यानं ब्राझीलचा एक स्ट्रायकर आणला आणि त्या वर्षी ल्यूचा क्लब चक्क लीग जिंकला. ल्यूनं मला विचारलं, "तुमच्यात मोठा आनंद झाला की काय करतात?" मी म्हटलं, "पेढे वाटतात."

सोमवारी हा पेढ्यांचे बॉक्स घेऊन ऑफिसात हजर. मी नेमकी त्या दिवशी घरून काम करत होते. आता आमच्या ऑफिसात निम्मी मंडळी पुण्या-मुंबईची आणि नागपूरची. माणूस हसतमुख, डोळे सुजलेले आणि हातात पेढे. म्हटल्यावर मुलगाच झाला असणार.

"काँग्रॅट्स यार! बोलला नाहीस कधी?"

"बोलण्यासारखं काही घडतच नव्हतं," ल्यू म्हणाला. "फार वर्षं वाट बघितली."

"वजन किती?"

ल्यूला वाटलं, कपचं विचारताहेत. "बरंच आहे. कॅप्टनला दोन्ही हातांनी उचलावा लागला."

"रात्री झोपू देतो की नाही?"

"छे, डोळ्याला डोळा नाही."

संध्याकाळी ल्यूचा मला फोन. त्याच्या टेबलावर सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड होतं आणि त्यासोबत बोटभर लांबीचे लोकरीचे मोजे. तो फार गंभीरपणे विचारत होता, "अमेरिकेत लीग जिंकल्यावर मोजे देतात का?"

*

पुढे बिल्डरचं दिवाळं वाजलं. ब्राझीलवाला गेला, मागोमाग बरे खेळणारे सगळेच गेले आणि कालपरवाची पोरं मैदानात उतरायला लागली. क्लब हरत सुटला. नितीन एकदा सहज म्हणाला, "अरे, दुसरा एखादा क्लब बघ. युरोपातला घे. मस्त खेळतात, सकाळीच मॅच असते, नावंही बदलत नाहीत."

ल्यूनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "मी इथे आठवडाभर इंग्रजीत बोलतो, इंग्रजीत हसतो. शनिवारी तेवढा वेळ मी घरी असतो. मी का बदलू?" नितीननं तो विषय पुन्हा काढला नाही. मी चहा टाकायला आत गेले.

सीझनच्या शेवटच्या मॅचला क्लब हरला आणि खालच्या लीगमध्ये ढकलला गेला. काका उठले, टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर या."

ल्यूनं अर्थ विचारला. मी त्याला विसर्जन समजावून सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे तुम्ही देवाला पाण्यात सोडता आणि रडत नाही?"

"रडतो की," काका म्हणाले. "पण ढोल थांबवत नाही."

*

त्या हिवाळ्यात तिकडून बातम्या यायला लागल्या की नवा मालक मिळाला नाही तर क्लबला परवानाच मिळणार नाही. खालच्या लीगमध्येही खेळता येणार नाही, क्लब बंदच. ल्यूचं जेवणाकडे लक्ष नसायचं. त्याच सुमारास आमच्याकडे सत्यनारायण होता. त्यानं विचारलं, "तुमच्या पूजेत माझ्या क्लबसाठी काही मागता येईल का?"

जवळच्या एडिसनहून आलेले गुरुजी फार मोकळे. म्हणाले, "का नाही? बसा पुढे. गोत्र?"

ल्यूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गुरुजी, क्लबला गोत्र नाही."

"मग काश्यप धरू. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. नाव?"

इथे ल्यू अडला. सिमेंटवाल्याचं नाव घ्यावं, दारूवाल्याचं की बिल्डरचं? त्यानं डोळे मिटले आणि फक्त आपल्या गावाचं नाव सांगितलं. गुरुजींनी ते संस्कृतात असं बसवलं की ऐकणाऱ्याला ते काशीच्या पलीकडलंच एखादं तीर्थ वाटावं. काकांनी तीर्थ-प्रसाद दोनदा घेतला, एकदा स्वतःचा आणि एकदा गोलकीपरचा.

तरीही क्लब बंद पडला. ल्यू दोन शनिवार आलाच नाही. काका इतके चिडले की त्यांनी गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, एवढी यथासांग पूजा केली आणि क्लब बुडाला."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "संकल्पात कंपनीचं नाव होतं का?"

"नव्हतं."

"मग कंपनी बुडाली असेल. गाव आहे ना जागेवर?"

*

गाव जागेवर होतं. तिथल्या जुन्या चाहत्यांनी एकत्र येऊन क्लब पुन्हा उभा करायचं ठरवलं, थेट सगळ्यात खालच्या लीगपासून. मालक नाही, कंपनीचं नाव नाही, रंग पहिला निळाच. ल्यू इथून त्यांच्या मीटिंगा ऑनलाइन अटेंड करायचा आणि ऑफिसात जांभया द्यायचा. निम्मे लोक त्याला वेड्यात काढत होते. तो एवढंच म्हणायचा, "एक मॅच होऊ दे. एक झाली की क्लब आहे."

ती पहिली मॅच ठरली, पण एका कॉलेजच्या मैदानावर. अशी मॅच टीव्हीवर कोण दाखवणार? आठवडाभर ल्यूनं गावातल्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना विचारलं, व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवाल का? जो तो म्हणाला, आम्ही झेंडे धरू की फोन धरू? शेवटी ल्यूची आई म्हणाली, मी जाते.

हे ऐकून ल्यू हादरलाच. त्याच्या आईला फुटबॉलचा मनस्वी राग. ल्यूचे वडील होते तोवर त्यांनी एकही शनिवार घरात काढला नाही, पोरालाही खांद्यावर बसवून न्यायचे. ते गेल्यावर तिनं घरातला निळा स्कार्फसुद्धा कपाटाच्या तळाशी टाकला होता. मैदानात तिनं आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. ल्यूनं फोन टीव्हीला जोडला, रिंग वाजली आणि आमच्या मोठ्या स्क्रीनवर ल्यूच्या आईचा, म्हणजे आमच्यासाठी आजींचाच, चेहरा उमटला. पांढरे केस, मोठा चष्मा आणि गळ्यात तो निळा स्कार्फ. मागून प्रचंड आरडाओरडा ऐकू येत होता. शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली. स्क्रीनवर मात्र आजीच.

आमच्या लक्षात आलं. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू होता, मैदानाऐवजी त्याच दिसत होत्या. त्यांच्या दृष्टीनं सगळं बरोबरच होतं, त्या मैदानाकडेच तोंड करून बसल्या होत्या.

माझी लेक ईरा म्हणाली, "अंकल, जस्ट टेल हर टू फ्लिप द कॅमेरा."

ल्यूनं मान हलवली. "राहू दे."

मग आम्ही ती मॅच तशीच पाहिली. आजींची नजर डावीकडे गेली की ल्यू पुढे सरकायचा, उजवीकडे गेली की उशी आवळायचा. त्यांचे ओठ घट्ट मिटले की आमचेही मिटायचे. एकदा त्या काहीतरी जोरात ओरडल्या. ल्यू कानापर्यंत लाल झाला. "रेफरीला बोलली," तो म्हणाला. "भाषांतर करता येणार नाही."

शेवटी शेवटी एकदम गलका झाला, आजी ताडकन उठल्या आणि स्क्रीनवर नुसता फ्लडलाइट राहिला. काका खुर्चीतून अर्धे उठले होते. "गोल झाला? कुणाचा झाला?"

फोन पुन्हा खाली आला. आजींचा चष्मा वाकडा झाला होता आणि स्कार्फचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं होतं.

"आपला," ल्यू म्हणाला.

मॅच संपली. आजींनी फोन तोंडाजवळ आणून काहीतरी विचारलं. ल्यूनं आम्हाला हातानंच थांबायला सांगितलं, आधी त्यांना उत्तर दिलं आणि मग आम्हाला सांगितलं, "ती विचारतेय, नीट दिसलं का? मी म्हटलं, सगळं दिसलं."

आजी समाधानानं हसल्या, आणखी काहीतरी बोलल्या आणि फोन बंद झाला.

"आता काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

ल्यू काळ्या स्क्रीनकडे बघत होता.

"म्हणाली, मग दर शनिवारी याच जागेवर बसते. इथून चांगलं दिसतं."