हुबळीत फुटला म्हणतात तो आवाज

"गुंडोपंत तेरदाळकरांचा आवाज हुबळीच्या नाट्यगृहात भर पदात फुटला आणि पुन्हा सांधला गेला नाही. आज पुरुषाचा कंठ म्हणावा तर तो श्रीपादराव निपाणकरांचा. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात."

हे वाक्य आमच्या मिरजेच्या वाचनालयात रोज संध्याकाळी उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारे गृहस्थ म्हणजे सेवानिवृत्त हेडमास्तर सदाशिवराव. हुबळीचा तो खेळ त्यांनी पाहिलेला नाही. मी माझी हयात कोर्टात शिरस्तेदार म्हणून घालवली आहे. ऐकीव साक्ष कशी ओळखावी हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून एके दिवशी सर्वांदेखत मी त्यांना सांगितले, "मास्तर, मी हुबळीला जातो आणि तुमच्या या गोष्टीचे मूळ उपटून आणतो." मास्तर हसले आणि म्हणाले, "जा, पण येताना धारवाडचे पेढे आणा. निदान फेरी फुकट जायची नाही."

गाडी मिरजेहून सकाळी सुटली. बेळगावपर्यंत ऊस, तंबाखू आणि ओळखीची माणसे दिसत राहिली. लोंढ्याच्या पुढे रान दाट झाले आणि डब्यात ओल्या लाकडाचा वास भरला. अळणावरला एक शेतकरी कुटुंब चढले. त्यातल्या म्हातारीने फडके सोडून माझ्यापुढे रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी) आणि एण्णेगाई (तेलात शिजवलेली भरली वांगी) ठेवली. वांग्याचे तेल माझ्या उपरण्यावर सांडले. ते पुसता पुसता तिने विचारले, "एवढं लांब कशाला निघालात, अप्पा? सोयरिकीला?"

"नाही बाई. गाण्याच्या एका वादासाठी."

तिने मुलाकडे पाहिले, मुलाने तिच्याकडे पाहिले. "आमच्यात बांधासाठी जातात कोर्टात," ती म्हणाली. "गाण्यासाठी कुणी गेलेलं नाही."

धारवाड गेल्यावर मातीचा रंग तांबडा होता तो पाहता पाहता काळा झाला. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला, रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी हुबळी. फलाटावर वसंतअण्णा मला घ्यायला आले होते. यांचे आजोबा कोल्हापुराहून कापडाचे गाठोडे घेऊन इथे आले. आज बाजारपेठेत यांचे दुकान आहे. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी, आणि रागावले म्हणजे दोन्ही. माझ्या दिवंगत बंधूंचे ते स्नेही. दुकान आता शेजारच्या मोठ्या जागेत जायचे होते आणि त्या जागेच्या वास्तुपूजनाला तिसऱ्या प्रहरी गाण्याची बैठक ठरली होती. गवई मात्र ठरला नव्हता.

"निपाणकरांना विचारलं," अण्णा म्हणाले, "पण ते बोलपटाच्या कामात अडकलेत."

"मग गुंडोपंत तेरदाळकर?"

"अय्यो, शिरस्तेदार, त्यांचा आवाज संपला की."

"कोणी ऐकले?"

"आम्ही रोज ऐकतो! संध्याकाळी बसा की माडीवर, तुम्हीही ऐका."

संध्याकाळी माडीवर गाद्या पडल्या, मिरचीची भजी आली, आणि अण्णांचा ग्रामोफोन मखमली कापडाखालून बाहेर निघाला. अण्णा होते; कलघटगीचे कापसाचे व्यापारी शिवाप्पा होते, ज्यांचा आवाज त्या यंत्रापेक्षा मोठा होता; आणि दाराशी अण्णांच्या थोरल्या भगिनी गंगाक्का सुपारी कातरत बसल्या होत्या. आधी निपाणकरांची तबकडी लागली. आवाज तेजस्वी होता, धारदार होता. नाकारण्याचे कारण नाही. निपाणकर गात नाहीत असे मी कधीच म्हटलेले नाही. ते सर्वांत मोठे नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे. मग त्यांची दुसरी तबकडी लागली, आणि त्यानंतर गुंडोपंतांची.

ती ऐकताना माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे पद मी नाट्यगृहात बसून ऐकलेले आहे. माडीवर जे वाजत होते ते मात्र पद नव्हते. सूर जड, ताना ओढलेल्या, आणि शेवटच्या ओळीला तर गवई झोपेत चालल्यासारखा खाली खाली उतरत गेला.

"बघा," शिवाप्पा म्हणाले. "आवाज कसला हा? रेडा चिखलातून चाललाय."

"तबला ऐकलात का?" मी विचारले.

"तबल्याचं काय?"

"तबलजीचाही आवाज फुटला काय? तोही त्याच चिखलातून चालला आहे." मी उठून यंत्रापाशी गेलो. "अण्णा, चावी केव्हा भरली?"

"सुरुवातीला. आमच्यात एकदाच भरतात. मागं एकदा स्प्रिंग तुटली, ती मुंबईला धाडावी लागली. तेव्हापासून एका चावीत सगळ्या प्लेटी. पहिला मान निपाणकरांचा."

"रोज?"

"रोज."

मी चावी हातात घेतली आणि गच्च भरली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग गुंडोपंतांची तबकडी आधी दोनदा लावली, आणि त्याच चावीत निपाणकर शेवटी. गुंडोपंतांचे पद माडीच्या तुळयांपर्यंत चढले. त्यानंतर निपाणकरांना, तबकडी निम्मी होते न होते तोच, पडसे झाले.

 मग गंगाक्का अडकित्ता थांबवून म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या माणसाला रिकाम्या पोटी गायला लावत होतो." आणि सगळी माडी हसली, अण्णाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मी पेटी मागवली. चावी पुन्हा भरून तबकडीतला षड्ज पेटीशी ताडून पाहिला. काळी चार: पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी, जिथे बहुतेक पुरुषांचा गळा मदत मागू लागतो. गुंडोपंत तिथे घर बांधून राहिल्यासारखे गात होते.

"मान्य," शिवाप्पा म्हणाले. "पण ही प्लेट जुनी. तेव्हा आवाज होता. त्यानंतर इथंच नाट्यगृहात फुटला, ते गाव जाणतंय."

"तुम्ही होता?"

"माझा मेहुणा होता."

"प्लेटीला काय विचारता," गंगाक्का म्हणाल्या. "माणूस धारवाडात जिवंत आहे. त्यालाच विचारा जाऊन. मोटार सकाळी सुटते."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी सर्व्हिस मोटारीने निघालो. उणकल गाव आले आणि मोटारीच्या तोंडातून वाफ उसळली. सगळे उतारू तळ्याकाठी उतरले. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी आणायला गेला. तळ्यावर बगळे होते, काठाला धुणे चालले होते, आणि वारा इतका स्वच्छ होता की मला त्या खोळंब्याचा राग आला नाही. राग आला तो अण्णांचा. ते म्हणाले, "शिरस्तेदार, तुम्ही म्हणता म्हणून मी त्यांना बोलावतो. पण चारचौघांत गळा बसला तर? माझी बैठक बिघडली तर बिघडली. त्यांचं काय?"

 आजवर गुंडोपंतांविषयी होती ती फक्त वदंता होती. आमच्या बैठकीत आवाज चिरला तर तिचा निकाल होणार होता, आणि तो त्यांच्या उरलेल्या आयुष्याला पुरला असता.

धारवाडात झाडे अधिक, चढउतार अधिक, आणि कौलांवर शेवाळ. गुंडोपंतांचे घर एका उताराच्या टोकाला होते. अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि त्यांच्याशेजारी, डोक्याला पंचा बांधून, ज्यांच्यासाठी मी मास्तरांशी वर्षानुवर्षे भांडलो ते गृहस्थ बसले होते. मी कल्पिले होते त्याहून लहानखुरे. केस पूर्ण पांढरे, डोळे मात्र रंगभूमीवरच्यासारखे, समोरच्याला जागेवर धरून ठेवणारे.

"बर्री, बर्री (या, या)," ते म्हणाले. "मिरजेचे? मिरजेला तंबोरे चांगले आणि श्रोते भांडखोर."

मी त्यांना सदाशिवरावांचे वाक्य जसेच्या तसे ऐकवले. अण्णांनी माझा सदरा ओढला, पण मी थांबलो नाही. गुंडोपंतांनी एक मिरची उलटवली, मग दुसरी.

"त्या दिवशी मला खोकला होता," ते म्हणाले. "पहिल्या अंकातलं एक पद मध्येच सोडलं. लोक उठले. दुसऱ्या अंकात तेच पद पुरं म्हटलं, वन्समोर घेतला. पण उठून गेले होते ते गावात पोहोचले होते, आणि बसले होते ते नाटक बघत होते. गोष्ट सांगायला मोकळा कोण?"

"मग तुम्ही ती खोडून का काढली नाही?"

"कुठं? गवयानं गाऊन खोडायची असते. त्याला कुणीतरी बोलवावं लागतं. नाटक कंपनी मोडली, बोलपट आला, आणि तेरदाळकरांचा आवाज फुटलाय हे सगळ्यांना आधीच माहीत होतं."

अण्णांनी तेव्हा आमंत्रण दिले. अतिशय आदराने दिले, आणि वर जोडले, "दोनच पदं म्हणा. सोपी म्हणा. कुणी काही म्हणणार नाही."

गुंडोपंत हसले नाहीत. "रोज पहाटे गातो," ते म्हणाले. "पण भिंती कधी उठून जात नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला वाद जिंकायचा आहे. मला गायचं आहे. दोन्ही एकाच बैठकीत होईल असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "पण वाद हरलो तरी मी मध्येच उठणार नाही."

त्यावर आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला: "जाऊन या. मिरच्या मी बघते. तुम्ही उलटवता आणि गुणगुणता, अर्ध्या करपतात."

वास्तुपूजनाच्या दिवशी नव्या दुकानात चुना ओला होता आणि कापडाच्या गाठी भिंतीशी रचलेल्या होत्या. लोक त्यांवरच बसले. अर्धे गाणे ऐकायला आले होते, अर्धे फजिती पाहायला. चेहऱ्यांवरून ओळखू येत होते. पेटीवर स्वतः अण्णा बसले. शिवाप्पा दाराशी बसले, वाट मोकळी राहील असे.

पहिला स्वर खरखरीत लागला. मी सत्य लिहितो आहे; खरखरीत लागला. मागे कोणीतरी घसा साफ केला, आणि त्या आवाजात जो अर्थ होता तो सर्वांना कळला. शिवाप्पांनी एक पाय वहाणेत घातला.  गुंडोपंतांनी पुन्हा तोच स्वर घेतला, हळू, जसा वैद्य नाडीवर बोट ठेवतो. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा खरखर निघून गेली होती. मग मुखडा आला, मग अंतरा, आणि वरच्या षड्जावर ते असे थांबले की कोपऱ्यातला पानवालाही चुना लावायचा विसरला. तो आवाज तरुण नव्हता. पण त्यात आता काहीतरी होते जे तबकडीत नव्हते: प्रत्येक स्वर जणू विचारून घेतला होता आणि मिळाल्यावर त्याचे आभार मानले होते.

'वन्समोर' प्रथम ओरडले ते शिवाप्पा. एका पायात वहाण, दुसरा पाय उघडा. दोन पदे म्हणायला बोलावलेल्या माणसाने दिवेलागणीपर्यंत गायले, आणि या खेपेला कोणी मध्येच उठले नाही. जाताना गंगाक्कांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमच्या नातीचं लग्न आहे. तेव्हा सोपी पदं म्हणू नका."

परतीच्या गाडीत लोंढ्याचे रान पुन्हा लागले. तबकडी आवाज धरून ठेवते असे आपण समजतो. पण कोणी चावी पुरती भरली नाही तर ती त्याच आवाजाची बदनामीही करते, आणि ऐकणाऱ्याला दोष यंत्राचा की कंठाचा हे कळत नाही. माणूस समोर बसून गातो आहे तोवर त्याला बोलावून घ्यावे. हुबळीत आता तेरदाळकरांना बोलावणी येऊ लागली आहेत. अण्णांच्या घरात प्रत्येक तबकडीला स्वतंत्र चावी भरली जाते.

वाचनालयात मी हे सर्व सांगितले. पेढ्यांचा पुडा समोर ठेवला. सदाशिवरावांनी पेढा खाल्ला, हात पुसला, आणि म्हणाले, "शिरस्तेदार, लोक दयाळू असतात. म्हातारपणी पट्टी उतरवून दिली की कोणीही गातो. तुमच्या यजमानांनी ती उतरवून दिलीच असेल."

दिली होती. अण्णांनी वयाचा मान राखून पेटीवर खालची, सोपी काळी एक धरली होती, आणि गुंडोपंतांनी पहिला स्वर लावण्यापूर्वी त्यांचा हात उचलून काळी चारवर ठेवला.