सरांच्या नावाचं एक मिनिट

मुलाणी सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला तेव्हा मी दौंडला होतो. शिरूरला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. अंगणात कारखान्याचे साहेब खुर्चीत बसून लोकांना सांगत होते, "आमच्याकडं ऑपरेटर होता. टायपिंग चांगलं होतं बिचाऱ्याचं." त्या दिवशी मी गप्प बसलो... आज बसणार नाही.

सर साखर कारखान्यात ऊसतोडीची यादी काढायचे; यादीत नाव आलं तरच शेतावर तोड यायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. सुट्टीच्या दिवशी आमच्या मांडवगण फराट्याहून त्यांच्याकडं प्रोग्रामिंग शिकायला जायचो, आणि आज जो काही आहे तो त्यांच्यामुळं. तेव्हाचा यादीचा डॉसवरचा प्रोग्राम ६४० केबी मेमरीच्या पलीकडं जायचाच नाही. गावं अकारविल्हे भरली जायची. भांडगाव बसायचं, मांडवगणापाशी मेमरी संपायची आणि पुढची नावं गळायची. एका वर्षी आमच्या आबांचा ऊस तुरे येऊन वाळला, तरी तोड आली नाही.

मग विंडोजची नवी मशिनं आली, पण नावं गळतच राहिली. साहेब सरांवर ओरडले, "एवढी मेमरी दिली, आता काय रडताय?"

"साहेब, बंगला मोठा झाला, पन ह्या प्रोग्रामला त्यातली एकच खोली ठावं हाय. त्यो नव्यानं लिहावा लागंल."

सरांनी तो एकट्यानं, पहिल्या ओळीपासून लिहिला. यादी पुरी निघाली त्या सकाळी आबांचं नाव छापून आलं आणि सरांनी तो कागद स्वतः घरी आणून दिला. उद्घाटनाला मात्र पडद्यावर 'निर्मिती' या शब्दापुढं साहेबांचं नाव झळकलं. मी चिडलो, तर सरांनी मला हळूच कोड दाखवलं. यादी लावताना मेमरीत न मावणारा मजकूर ज्या फायलीत तात्पुरता टाकायचा, तिला त्यांनी साहेबांचंच नाव दिलं होतं. "आत रिकामं हाय, कितीबी टाका. आन् संध्याकाळी पुसायचं."

सरांचं तेवढ्यावर भागलं. माझं नाही भागत. त्या प्रोग्रामची देखभाल आता माझ्याकडं आहे, आणि साहेब संचालक आहेत. दफनानंतरच्या आठवड्यात मी प्रोग्राम उघडताना दिसणारा पहिला पडदा बदलला. 'निर्मिती : मुलाणी सर, शिरूर.' साहेबांचा फोन आला.

"अहो, हे बंद कुठून करायचं? बटण दिसंना."

"बटण ठेवलंच नाही, साहेब. एक मिनिट वाचत बसा, आपोआप जातं."

रोज सकाळी ते मिनिट संपतं, मग यादी उघडते... त्या फायलीचं नाव मी बदललेलं नाही. ती रोज संध्याकाळी पुसली जाते.