इमामपूर घाटातला वायपर

परवा नातवाच्या गाडीत गरम रबराचा वास आला आणि स्वातंत्र्याच्या आधीची एक दुपार मला आठवली.

माझी थोरली बहीण मार्था, आमची अक्का, बाळंतपणात अडली होती. तिला सोनईहून नगरच्या दवाखान्यात न्यायला शेजारच्या कासमचाचांनी आपली जुनी मोटार काढली. पाऊस कोसळत होता. इमामपूर घाटाच्या चढाला वायपर बंद पडला आणि काचेपलीकडचा रस्ताच दिसेना.

चाचा उतरले, बॉनेट उघडून चालू इंजिनाला कान लावून उभे राहिले. "चढाला ह्यो मंदावतो, पन पार थांबत न्हाई. कुटंतरी हवा शिरतीय," ते म्हणाले. तेव्हाचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालत, आणि ती ओढ आणणारी रबरी नळीच चिरली होती.

मागच्या सीटवर अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून कळा सोसत होती. तरी तिनं वेणीची रिबन सोडून माझ्या हातात दिली. "ही चालंल का बघ त्यांना." चाचांनी ती नळीवर घट्ट आवळली, वरून ग्रीस चोपडलं. वायपर कुरकुरत हलला, तशी अक्का चक्क हसली. "बघ, निघाला!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खूप धडपड केली, पण दुसऱ्या दिवशी अक्का गेली. बाळही राहिलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी त्या खोळंब्यावर चिडत राहिले. त्यानंच तिला नेलं, असं वाटायचं. आता वाटतं, वायपर आणखी थोडा बंद राहिला असता, तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून अक्का तेवढीच जास्त बसली असती.