प्रोफेसरांचा मुरघास

वहिनीच्या धाकट्या दिराला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे आणि ते त्यांना कौतुक वाटायचं, म्हणजे बघा! चारा टिकवण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला स्वारी गेली, तेव्हा मुरघास कशाशी खातात ते माहीत नव्हतं. परतली ती मेंढीला रवंथ शिकवण्याइतकी शहाणी होऊन.

मेंढ्या वहिनीच्या. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. कळप तिनेच पोटच्या पोरांसारखा वाढवलेला. आता सगळ्या गाभण होत्या आणि टंचाईच्या दिवसांसाठी घरात चारा म्हणून होता तो हा एकच मुरघासाचा खड्डा. हिरवा मका बारीक कापून, ट्रॅक्टरने दाबून भरला. थराथराला प्रोफेसरांनी जिवाणूंची पावडर आणि उसाच्या मळीचं गोड पाणी शिंपडलं. शिंपडलं कसलं, आंघोळच घातली!

"बघाच वहिनी, हे जिवाणू चारा झटपट आंबवतील. मग तो सडत नाही, मेंढीला हलका जातो, अंगी लागतो."

यात खोटं काही नव्हतं. पावडर चांगलीच होती. वर प्लास्टिक अंथरलं, त्यावर जुने टायर ठेवले. आता महिना-दीड महिना खड्ड्याला हात लावायचा नाही, एवढंच काम उरलं. आणि काही न करण्याचं हे एवढंसं काम त्या माणसाला जमेना.

कोणी आलं की निघाले खड्ड्याकडे. शेजारी आला, उचल टायर. मावसभाऊ आला, उचल प्लास्टिक. "घ्या, वास घ्या!" विजेचं मीटर बघायला आलेल्या बिचाऱ्यालाही सोडलं नाही.

"भाऊजी, झाकलेलं राहू द्या हो," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला नाही कळायचं. आत पावडर आहे."

जसा काही पावडरीने आत पहाराच बसवला होता!

चारा काढायची वेळ आली तेव्हा वरचा थर काळा पडला होता. त्यात मध्ये मध्ये पांढरी बुरशी, वास ओल्या गोणपाटाचा. मेंढ्यांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसरा कोणी असता तर तिथेच शहाणा झाला असता. यांनी वरून मळी ओतली. "सवय लागते जनावराला." मेंढ्यांनी गोडाच्या लोभाने गव्हाण चाटून साफ केली. वहिनीला पटलं नव्हतं, पण घरात भांडण नको म्हणून ती तोच चारा घालत राहिली.

पुढच्या पंधरवड्यात एक मेंढी कान पाडून गोल गोल फिरायला लागली. दोघींनी दिवस भरायच्या आतच मेलेली कोकरं टाकली. वहिनीने ती उचलली तेव्हा तिला रडू आलं नाही, संताप आला.

डॉक्टरीणबाई आल्या, सुया टोचल्या, खड्डा बघितला. "पावडर झाकल्या चाऱ्यात काम करते. हवा लागली की बुरशी आणि रोगाचे जंतू माजतात. मेंढीला तर असला चारा लगेच बाधतो. हे सारखं उघडत कोण होतं?"

प्रोफेसर आभाळात ढग शोधायला लागले.

"काळं झालेलं सगळं फेका. आतला दाबलेला भाग उत्तम आहे. रोजच्यापुरता काढा आणि लगेच झाका. पुन्हा हवा गेली तर हेही जाईल."

गोल फिरणारी मेंढी वाचली नाही. तिला पुरून आले आणि दुसऱ्याच दिवशी प्रोफेसर गल्लीतल्या शिंप्याला घेऊन हजर! "आतला माल बघा, डॉक्टरीणबाईंनी स्वतः वाखाणलाय." हात टायरकडे गेला.

वहिनी येऊन त्या टायरवर बसली.

"उचला. माझ्यासकट उचला."

"अहो वहिनी, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांना घरात बसवा. माझ्या मेंढ्यांच्या ताटात कोणाला डोकावू देणार नाही मी. लाज वाटायला हवी होती तुम्हाला, कालच माती टाकून आलात!"

शिंप्याला एकदम दुकानाची आठवण झाली. त्यानंतर फाटक वाजलं की वहिनी हातातलं काम टाकून टायरवर येऊन बसायची. प्रोफेसर लांबूनच खड्ड्याच्या गोष्टी सांगायचे.

बाकीच्या मेंढ्या सुखरूप व्याल्या. कोकरं धडधाकट, अंगणभर उड्या मारणारी. प्रोफेसर एकेक उचलून पाहुण्यांना दाखवतात, "सगळा पावडरीचा गुण!" आणि कोणी त्या दगावलेल्या मेंढीचं विचारलंच, तर आवाज खाली आणून म्हणतात, "तेव्हा चारा वहिनी घालायच्या ना."